चाळीस फुटांचे सांधे

नाथानं आयुष्यात कधी माणसाला आंघोळ घातली नव्हती. बैलांना घातली होती, पोळ्याला त्यांची शिंगं रंगवून त्यांना मिरवलंही होतं. घरातली पोरं मात्र आईनं, काकूनं, आजीनं न्हाऊमाखू घातलेली. बापानं त्यांच्यासाठी बाजारातून गोडीशेव आणली की त्याचं काम संपलं. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी हा माणूस रोज सकाळी आठ वाजता तांब्या हातात घेऊन बायकोच्या पाठीवर पाणी ओतत होता. त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. उलट आठ कधी वाजतात याची तो सहापासून वाट बघायचा.

त्याचं असं झालं. नाथा आणि बायडाबाई मखमलाबादच्या अंगाला मळ्यात राहायची. दोन एकर बागायत. मेथी, कोथिंबीर, पालक आणि दसऱ्या-दिवाळीला झेंडू. एकुलता मुलगा शेखर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर होता. त्यानं सत्याण्णव साली सामनगाव रोडला घर बांधलं आणि बाथरूमला दुधी रंगाच्या, एक बाय एक फुटाच्या, अशा गुळगुळीत फरशा बसवल्या की वास्तुशांतीला आलेले पाहुणे त्यात तोंड बघत होते. २००२च्या दिवाळीला नवरा-बायको लेकाकडे आली. नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला चोपडलेलं तेल, वर उटणं आणि खाली त्या फरशा. बायडाबाई पाटावरून उठायला गेली ती आडवीच झाली. खुब्याचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी आत पट्टी आणि स्क्रू बसवले आणि वर्षभर मळ्यातल्या घराचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. नाथानं मळा धाकट्या भावाच्या, लहानूच्या हवाली केला आणि कपड्यांची पिशवी घेऊन तो लेकाकडे राहायला आला.

सून उज्वला गुणाची. "आई, मी घालते ना आंघोळ," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. बायडाबाईनं तिला हात लावू दिला नाही. "सुनेपुढं उघडं बसू? त्यापरीस पारोशी राहीन," म्हणाली आणि खरंच तीन दिवस पारोशी राहिली. चौथ्या दिवशी नाथानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारला, फरशीवर गोणपाट अंथरलं, त्यावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि बायकोला धरून आत नेलं.  ती तोंड भिंतीकडे करून बसली.

आता या दोघांच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, पण तेरा माणसांच्या घरात नवरा-बायको बोलणार कधी? दिवसा बोलायचं ते 'खुरपणीला किती बाया सांगू' आणि 'ताट वाढलंय' एवढंच. रात्री दोघंही थकून मेल्यासारखी झोपायची. पोरं मोठी झाली, म्हातारी माणसं गेली, घर रिकामं झालं, तोवर न बोलायची सवय लागून गेलेली. ती सवय इथं, या पाच बाय आठच्या खोलीत मोडली. पाठीवर कोमट पाणी पडलं की बायडाबाई बोलायला लागायची. पाठमोरी, भिंतीशी बोलल्यासारखी.

लहानपणी माहेरच्या विहिरीत ती कठड्यावरून उडी मारायची, पोरांच्या आधी तळाची माती मुठीत घेऊन वर यायची, हे नाथाला तिथं कळलं. "तुला पोहता येतं?" त्यानं विचारलं तेव्हा तांब्या हातातच राहिला. "यायचं. लगीन झाल्यावर कुठं पोहू? तुमच्या आईनं पाय तोडले असते." आणखी एकदा तिनं सांगितलं की, त्याच्या लाडक्या लाल भोपळ्याची भाजी तिला कधीच आवडली नव्हती. चव्वेचाळीस वर्षं ती गिळत आली होती.

"मंग बोलली का नाय?"

"कधी बोलू? भाकरी थापता थापता?"

नाथा दिवसभर हसत होता. आणि मनात त्यानं एक गोष्ट पक्की धरली. हे बोलणं पाण्यामुळं येतं, आपल्या हातामुळं येतं. हे बंद झालं की तेही बंद. माणूस म्हातारा झाला म्हणून शहाणा होतो, असं काही नाही.

बायडाबाईच्या मनात मात्र दुसरंच होतं. जानेवारीतल्या एका सकाळी तिनं मध्येच त्याचा हात थांबवला. "मला एकदा एकटीनं आंघोळ करायचीय," ती म्हणाली. "तुमी चांगलं करता, त्याबद्दल नाय म्हणत मी. पण आपलं आंग आपल्याला धुता यावं. मेल्यावर लोक धुतातच की. जिती हाय तवर तरी मी धुवीन."  नाथानं उरलेलं पाणी ओतलं आणि टॉवेल दिला.

तेच तिनं लेकालाही सांगितलं. शेखरला दिवाळीपासून ती फरशी डोळ्यांत खुपत होती. आई पडली ती आपल्या हौसेपायी, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्यानं चार दिवसांत मल्हारी मिस्त्रीला बोलावलं.

मल्हारीनं गुळगुळीत फरशा छिन्नीनं फोडून काढल्या आणि चार इंची, खरबरीत फरशा आणायला लावल्या. "फरशी बारीक असली की सांधे जास्त," तो म्हणाला. "वल्ल्या पायाला फरशी नाय धरत, सांधा धरतो. आन सांधा जरा रुंद ठेवू, काडेपेटीच्या दोन काड्या बसतील एवढा." चार दिवसांत फरशा बसल्या. तोवर बायडाबाईची आंघोळ मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला. आता राहिलं सांधे भरायचं काम. त्यासाठी सिमेंटसारखी राखाडी पावडर मिळते, मल्हारी तिला ग्राउट म्हणायचा. ती किती आणायची हे मात्र तो काही केल्या सांगेना. मागे एका बंगल्यावर त्याच्या सांगण्यावरून आणलेला माल उरला, तर मालकानं 'तू दुकानदाराला सामील' म्हणून चारचौघांत त्याची शोभा केली होती. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता.

"अंदाज मालकाचा, हात माझा," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला.

शेखरला तेच हवं होतं. आकडेमोड म्हटली की त्याला स्फुरण चढायचं. मल्हारीच्या पिशवीतलं एक रिकामं पाकीट घेऊन त्यानं मागचा मजकूर मोठ्यानं वाचला. एक किलो पावडर, एक फुटी फरशी, पंचेचाळीस चौरस फूट.

"आपली बाथरूम पाच बाय आठ, म्हणजे चाळीस. एक किलो झाली. तरी दोन आणतो, हात सढळ असलेला बरा."

उज्वला भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, पण ते एक फुटी फरशीला लिहिलंय. आपली तर चार इंची."

"फरशी लहान असो नाहीतर मोठी, जागा चाळीस फूटच ना? जागा वाढली का?"

उज्वला गप्प झाली, कारण जागा काही वाढली नव्हती. पण उलट्या घातलेल्या बादलीवर बसून नाथा हे सगळं ऐकत होता आणि त्याला पाकीट वाचायची गरज नव्हती. त्यानं उभा जन्म वाफे पाडले होते. मेथीला लहान वाफा लागतो, नाहीतर पाणी सारखं फिरत नाही. रानातल्या एकेका मोठ्या वाफ्याचे नऊ लहान वाफे केले, तर रान तेवढंच राहतं, पण मधले वरंबे तिप्पट होतात आणि तेवढी जास्त माती ओढावी लागते. हे मळ्यात कामाला येणाऱ्या बायांनाही कळतं. इथं एका एक फुटी फरशीच्या जागी नऊ लहान फरशा बसल्या होत्या. म्हणजे सांधे तिप्पट. त्यात सांधा रुंद ठेवलेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट माल. शेखरच्या एका किलोच्या जागी पाच तरी लागणार. दोन किलोत अर्धी बाथरूमसुद्धा व्हायची नाही. पान लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात नाथाचा हा हिशोब झाला होता.

तेवढ्यात शेखरनं रीत म्हणून विचारलं, "काय नाना, बरोबर ना?"

नाथानं लेकाकडे बघितलं. मग त्या फरशांकडे बघितलं. सांधे नीट भरले की बायडाबाई आपल्या पायानं आत जाणार, आपल्या हातानं पाणी घेणार. आठ वाजता नाथाला काही काम उरणार नाही. विहिरीच्या गोष्टी, भोपळ्याच्या गोष्टी, अजून कितीतरी राहिलेल्या असतील त्या, सगळ्या भिंतीच्या आतच राहणार.

"तू शिकलेला," नाथा म्हणाला. "बरोबरच असंल."

हे त्यानं मुद्दाम केलं का? त्याला कुणी तिथल्या तिथं विचारलं असतं, तर त्यानं 'फरशीतलं आपल्याला काय कळतं' असं सांगितलं असतं आणि स्वतःलाही ते पटवलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी तो जेवायलाही नीट बसला नाही.

रविवारी मल्हारीनं सांधे भरायला घेतले. पलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि दाराच्या दिशेनं सरकत आला. दोन्ही पाकिटं संपली तेव्हा निम्म्याहून जास्त फरशी उघडी होती. नळाखालची सगळी आणि दाराजवळची सगळी.

"साहेब, माल सरला."

शेखरचा चेहरा पडला. दोनची पाळी होती. मल्हारी दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीच्या लग्नाला पेठला जाणार होता आणि तिथंच महिनाभर काम धरलेलं होतं. दुकान काही फार लांब नव्हतं, सायकलवर अर्धा तास गेला असता. पण दुकानात जायचं म्हणजे उज्वलासमोरून जायचं, आणि ती 'मी म्हटलं होतं' असं न बोलताही बोलली असती. शेखरनं जिन्याखालून राखेची गोणी ओढली.

एकलहऱ्याला नोकरी करणाऱ्याच्या घरात राखेची गोणी नाही असं होत नाही. भट्टीतून निघणारी ती बारीक, पिठासारखी राख भांडी घासायला, कुंडीत टाकायला, कुंपणाच्या भिंतीला, सगळ्याला चालते असा तिकडे सगळ्यांचा विश्वास. "राखेनं सिमेंट पक्कं होतं, आमच्या साहेबांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलंय," शेखर म्हणाला. साहेबांनी त्याचं प्रमाणही सांगितलं असणार, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेल्याला प्रमाण लक्षात राहत नाही. डब्याच्या तळाशी पडून राहिलेलं पांढरं सिमेंट त्यानं काढलं आणि त्यात त्याच्या दुप्पट राख मिसळली. रंग पावडरीला असा मिळाला की कुणाला शंका येऊ नये.

मल्हारीनं एकदा त्याच्याकडे, एकदा घमेल्याकडे बघितलं. "मालक तुमी," एवढंच बोलला आणि त्यानं ते भरलं.

नाथा दारात उभा होता. वाळूचा बांध पाण्याला टिकत नाही, राखेचा कसा टिकेल, हे त्याला दिसत होतं. अजूनही बोलता आलं असतं. पण आता बोलायचं म्हणजे आधी का बोललो नाही, तेही सांगायला लागणार. तो दुसऱ्यांदा गप्प बसला.

पाच दिवसांनी, शुक्रवारी, बायडाबाई तयार झाली. त्या सकाळी तिचा चेहरा पोरीसारखा झाला होता. कोरं लुगडं, साबणाची नवी वडी, सगळं तिनं स्वतः मांडून ठेवलं. काठी टेकत आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. नाथा बाहेर उभा. नळाचा आवाज आला, बादली भरली, एक तांब्या, दोन तांबे. मग काठी पडल्याचा आवाज आणि तिची हाक.

तो आत गेला तेव्हा तिनं दोन्ही हातांनी नळ धरला होता आणि कशीबशी स्टुलावर टेकली होती. पडली नव्हती. पण नळाखालचे सांधे पाण्यानं विरघळून सगळ्या फरशीवर राखेचा मऊ गाळ पसरला होता आणि त्यावरून तिचा पाय वीतभर घसरला होता.  नाथानं तिला टॉवेलात गुंडाळलं. "नगं," ती म्हणाली. "आता पुन्हा नगं मला एकटीला."

शेखरनं सांध्यात नख घातलं, तर बोटभर राख बाहेर आली. तो आईपुढं गुडघ्यावर बसला. "माझं चुकलं आई. दोन्ही वेळी माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं? माझंच नशीब," ती म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

नाथा तिथंच होता. मिठाची गुळणी धरून उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गोणपाट, पुन्हा स्टूल, पुन्हा आठ वाजता नाथाच्या हातात तांब्या. त्याला हवं होतं ते सगळं जसंच्या तसं परत आलं होतं, फक्त बायडाबाई बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून ती बसायची, पाणी अंगावरून निथळून जायचं, आणि ती धुतल्या जाणाऱ्या दगडासारखी बसून राहायची. नाथानं प्रयत्न केला. "तुझ्या माहेरच्या विहिरीला पायऱ्या होत्या का गं?" त्यानं विचारलं.

"असतील."

चार दिवस असे गेले. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की, त्यानं राखून ठेवलेली ही सकाळ त्याच्याच हातानं मेली आहे. पाण्यानं कुणी बोलत नसतं. बोलत होती ती उद्या आपल्या पायावर उभी राहीन असं वाटणारी बाई, आणि तिलाच त्यानं गप्प केलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली, इतकी की तांब्या बादलीत टाकून त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. ती पाठमोरी होती, तिला दिसलं नाही.

त्याच दुपारी तो गोणपाटाची घडी गुडघ्यांखाली घेऊन बाथरूममध्ये बसला आणि करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं सांधे खरवडायला लागला. राखेचे सांधे सुटे होऊन येत होते, पण चार इंची फरशीला सांधेच फार. संध्याकाळपर्यंत त्याची पाठ धरली. शेखर पाळीवरून आला तेव्हा बाप जमिनीवर उपडा आणि भोवती राखेचे छोटे ढीग, असं त्याला दिसलं. त्यानं कपडे बदलले आणि दुसरा तुकडा घेऊन तोही बसला. दोन दिवस दोघं खरवडत होते.

"आता किती आणू?" सगळं साफ झाल्यावर शेखरनं विचारलं. या वेळी रीत म्हणून नव्हे.

नाथानं नखानं फरशीवर रेघा ओढल्या. "रानभर मोठे वाफे घे. एकेकाचे नऊ कर. रान तेवढंच, पण वरंबे मोज. तिप्पट होतात का नाय? वर वरंबा रुंद केला. जागेला माल लागत नाय, वरंब्याला लागतो. सगळ्याला मिळून पाच किलो लागले असते. मल्हारीनं दोन किलोचं भरलंय ते पक्कं हाय, त्याला हात लावायचा नाय. तीन आण."

शेखर त्या रेघांकडे बघत राहिला. सगळं शिक्षण एका मेथीच्या वाफ्यात बुडाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "नाना, हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

इथं तरी खरं बोलावं की नाही? पण लेकाच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनी बापाचं कौतुक दिसत होतं, आणि म्हाताऱ्याला ते सोडवेना. "हां," नाथा म्हणाला. "आत्ताच."

बायकोला मात्र तो खोटं सांगू शकला नाही. दुसऱ्या सकाळी अंगणातल्या आडोशाला, पाठीवर पहिला तांब्या ओतल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. "मला पयल्या दिशीच ठाव होतं दोन किलो पुरणार नाय. पोरानं इचारलं, तरी मी बरोबर म्हणालो. राख कालवली तेबी बघत उभा राह्यलो. तू एकटी आत जाऊ लागली की माझ्याशी बोलायची बंद होशील, असं वाटलं मला. ही सकाळ सोडवंना. माझ्या पायी तू पडणार होतीस."

बायडाबाई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिची पाठ हलली नाही. मग तिनं हात मागे केला.

"टावेल द्या," एवढंच म्हणाली.

त्यानंतर घरात ती सगळ्यांशी बोलायची, त्याच्याशी कामापुरतं. नाथानं तक्रार केली नाही. करायला तोंड कुठं होतं? तीन किलो पावडर आली. मल्हारी पेठला अडकलेला, म्हणून नाथानंच ती कालवली आणि रबराच्या तुकड्यानं एकेक सांधा दाबून भरला. सांध्यात पोकळी राहू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी बोट फिरवलं. शेवटच्या सांध्याला घमेल्यात मूठभर माल शिल्लक होता. बोटांची सालं निघाली होती, ती त्यानं कुणाला दाखवली नाहीत. या वेळी सगळ्यांनी दहा दिवस थांबायचं ठरवलं. रोज दोनदा नाथा सांध्यांवर पाणी शिंपडायचा आणि सुकल्यावर काठीनं टोकरून बघायचा. काठी ठणठण वाजायची.

अकराव्या दिवशी सकाळी बायडाबाई कुणाला न सांगता उठली, बादली भरून ठेवली आणि आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. उज्वला ओट्याशी पोळ्या करत होती, तिचं लाटणं थांबलं. शेखर बेसिनशी दाढी करत होता, त्याचा हात थांबला. नाथा स्टूल घेऊन दाराबाहेर बसला. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. जायला दुसरी जागाच नव्हती.

पहिला तांब्या पडला. दुसरा पडला. पाय सरकल्याचा आवाज नाही, हाक नाही, फक्त पाणी. नाथाला आनंद झाला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. दोन्ही खरं होतं. आता हे असंच राहणार, दार आणि पाणी, असं तो मनाशी म्हणाला आणि उठायला लागला.

"अवं, बसलात का तिथं?" आतून आवाज आला. चांगला खणखणीत. मधे दार होतं आणि नळ चालू होता, त्यामुळं बायडाबाई मळ्यातून बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशी बोलत होती.

"बसलोय," नाथा म्हणाला.

"मंग ऐका. पाच किलो लागतील हे तुमाला ठाव होतं, पोरानं इचारलं आन तुमी बरोबर म्हणालात. बारा दिस झाले, माझ्या मनातून ते जात नाय. मला लय वाईट वाटलं. पोरापरीस तुमचं जास्त वाटलं."

उज्वलाच्या तव्यावरची पोळी करपायला लागली होती. शेखर अर्धा गाल फेसानं माखलेला, वस्तरा हातात घेऊन वळला आणि बापाकडे बघत राहिला. कौतुक कुठं गेलं, ते बघायचं नाथाला धाडस झालं नाही. पण या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

"खरं हाय, शेखर," तो म्हणाला. "मला ठाव होतं. मी बोललो नाय. आत्ता सुचलं म्हणालो तेबी खोटं."

 शेखरला राग आला होता, आणि तो येणारच होता; तो काही एका सकाळीत जायचा नव्हता. तो पुन्हा आरशाकडे वळला आणि उरलेली दाढी करायला लागला.

आत तांब्या बादलीवर आपटला. "आन दुसरं," बायडाबाई ओरडून म्हणाली, "दार लावलं म्हणून बोलणं थांबतंय का माणसाचं? चव्वेचाळीस वर्सं मला कुणी इचारलं नाय म्हणून बोलले नाय. येडे का खुळे तुमी? ऐकता ना?"

नाथानं स्टूल दाराजवळ ओढलं. डोळे पुसायला हात वर नेला, तर बोटांची निघालेली सालं झोंबली.

"ऐकतोय," तो म्हणाला. "बोल."